पोट होडीचं, पाय ट्रकचे



शेजारचा चौथीतला मुलगा परवा एक चित्र घेऊन आला. सैन्याची चिलखती गाडी होती. वर बंदूक, बाजूला जाड काचांच्या लहान खिडक्या, खाली मोठाली चाकं. इथपर्यंत ठीक होतं. पण चाकांच्या मधोमध त्याने गाडीचं पोट होडीच्या बुडासारखं निमुळतं काढलं होतं.

"ही पाण्यात चालते का रे?" मी विचारलं.

"नाही काका. व्हिडिओत अशीच होती. पण अशी का असते ते त्यांनी सांगितलंच नाही. तुम्ही सांगा."

काहीतरी थातुरमातुर सांगून सुटता आलं असतं. पण प्रश्न इतका नेमका होता, की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. कारण चिलखती गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाड लोखंड येतं. खरं म्हणजे सुरुंगापासून माणूस वाचतो तो आधी गाडीच्या आकारामुळे. जाडीचा नंबर त्यानंतरचा.

जाड पत्रा का पुरत नाही?

भूसुरुंग जमिनीत पुरलेला असतो. त्यावर चाक चढलं की तो फुटतो. तेव्हा तापलेला वायू, माती आणि दगड यांचा एक लोट प्रचंड वेगाने वर उसळतो. जमीन खालून आणि बाजूंनी त्याला अडवते, म्हणून जवळपास सगळा जोर वरच्या दिशेने जातो. वर असतं गाडीचं पोट.

आपल्या नेहमीच्या जीपचं किंवा ट्रकचं पोट सपाट असतं. म्हणजे तो लोट थेट आडव्या तळहातावर झेलल्यासारखं होतं. सगळा मार तिथेच बसतो. पत्रा फाटतो, किंवा फाटला नाही तरी आत फुगतो. त्यावर पाय ठेवून बसलेल्या माणसाचं काय होत असेल, ते सांगायला नको.

आता कोकणातलं कौलारू घर आठवा. तिकडे पाऊस धो धो कोसळतो, तरी छप्पर टिकतं. ते जाड असतं म्हणून नाही, ते उतरतं असतं म्हणून. पाणी वर थांबतच नाही, घसरून निघून जातं. तेच छप्पर उलटं करा आणि पाऊस खालून वर पडतोय अशी कल्पना करा. झालं तुमचं सुरुंगरोधक गाडीचं पोट! समोरून पाहिलं तर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखं दिसतं. खालून आलेला लोट त्याच्या दोन्ही उतारांवरून बाजूला सटकतो. सगळा जोर काही जात नाही, पण मोठा वाटा निघून जातो.

दुसरी युक्ती उंचीची. स्फोटाचा दाब अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो. पोट जमिनीपासून जितकं वर, तितका मार कमी. म्हणून या गाड्या अशा उंच, जरा बेढब, लांब पायांच्या पक्ष्यासारख्या दिसतात.

कच्च्या रस्त्यांनी शिकवलेला धडा

ही कल्पना कुठल्या चकाचक प्रयोगशाळेत जन्मलेली नाही. १९७०च्या दशकात आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीविरुद्ध गनिमी युद्ध पेटलं होतं. कच्च्या रस्त्यांत सुरुंग पेरले जात. त्यावरून सैनिक जात, तसे शेतकरी, शिक्षक आणि बसचे प्रवासीही जात.

सुरुवातीला लोकांनी गाडीच्या तळाशी वाळूची पोती रचली. मग स्थानिक अभियंत्यांनी व्ही आकाराच्या पोटाच्या लहान गाड्या बनवल्या. 'लेपर्ड' नावाच्या गाडीला फोक्सवॅगनचं इंजिन होतं. 'पूकी' नावाची दुसरी गाडी तर आणखी गमतीची. तिचं काम रस्त्यावरचे सुरुंग शोधण्याचं. तिला शर्यतीच्या गाड्यांचे रुंद टायर बसवले होते. टायर रुंद आणि गाडी हलकी, त्यामुळे जमिनीवर दाब इतका कमी पडायचा, की सुरुंगावरून गेली तरी तो सहसा फुटायचा नाही. चिखलातून जाताना आपण फळी टाकून चालतो ना, तोच हिशेब.

शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने ही विद्या पुढे नेली. त्यांच्या 'बफेल' गाडीच्या टायरांत हवेसोबत पाणीही भरत. चाकाखाली स्फोट झाला की त्यातली काही शक्ती ते पाणी उडवण्यातच खर्च व्हायची.

कॅस्पिर: जिच्यापासून पुढचं घराणं सुरू झालं

१९७०चं दशक संपता संपता तिथे 'कॅस्पिर' आली. नावाची गंमत पाहा. तिथल्या संशोधन संस्थेचं नाव सीएसआयआर आणि पोलीस दलाचं नाव एसएपी. या दोन नावांची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून 'कॅस्पिर' हा शब्द तयार केला.

वजन सुमारे ११ टन, चार चाकं, चालक आणि त्याचा साथीदार असे दोघे पुढे, आणि मागे बारा जण. रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेग. तिची खरी खुबी मात्र बांधणीत आहे. साध्या ट्रकला खाली लोखंडी चॅसी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. सुरुंग फुटला की चॅसीचे आणि खालच्या यंत्रांचे तुकडेच गोळ्यांसारखे वर घुसतात. कॅस्पिरला वेगळी चॅसी नाही. तिचं पूर्ण शरीर म्हणजे एकसंध पोलादी पेटी. चाकं, ॲक्सल, पाटे हे सगळं त्या पेटीच्या बाहेर, खाली जोडलेलं.

स्फोट झाला तर चाक उडून जातं. ॲक्सल जातो. जाऊ दे! पाल शेपूट टाकून जीव वाचवते, तसंच हे. भाग बहुतेक ट्रकचेच असल्याने ते बदलता येतात. माणूस बदलता येत नाही.

एका रणगाडाविरोधी सुरुंगात साधारण सहा-सात किलो स्फोटक असतं. कॅस्पिरची रचना चाकाखाली असे तीन, म्हणजे सुमारे २१ किलो, आणि पोटाखाली दोन, म्हणजे सुमारे १४ किलो स्फोटक सोसेल अशी केली होती. आज नाटो देशांच्या मानकात सुरुंगापासून संरक्षणाची सर्वांत वरची पायरी १० किलो स्फोटकाची आहे. म्हणजे त्या जुन्या गाडीने काय करून दाखवलं होतं, ते लक्षात येईल.

झोळीत बसलेला सैनिक

आता समजा पोट फाटलं नाही. मग आतला माणूस सुखरूप? अजून नाही.

अकरा टनांची गाडी जेव्हा खालून एकदम वर उचलली जाते, तेव्हा तिचा तळ क्षणार्धात वर येतो. आसन तळाला बोल्टने घट्ट बसवलेलं असेल, तर तो झटका सरळ पाठीच्या कण्यात जातो. पाय तळावर टेकलेले असतील, तर नडगीची हाडं मोडतात. पत्र्याला साधं भोक नसताना माणूस जन्माचा अपंग होऊ शकतो.

म्हणून नव्या गाड्यांत आसनं तळाला जोडत नाहीत. ती छताला किंवा बाजूच्या भिंतीला पट्ट्यांनी टांगतात. आपल्याकडे तान्ह्या बाळाला आढ्याला बांधलेल्या झोळीत झोपवतात. घरात कुणी पाय आपटत चाललं तरी झोळीतलं बाळ जागं होत नाही, कारण झोळी जमिनीला चिकटलेली नसते. इथेही तेच. शिवाय पाय ठेवायला वेगळी जागा असते, तळापासून थोडी वर.

आणि शेवटचा भाग, चारही बाजूंनी आवळणारा पट्टा. गाडी उडते तशी ती खालीही आदळते, कधी कुशीवर पडते. पट्टा नसेल तर बाहेरच्या स्फोटातून वाचलेलं डोकं आतल्या छतावर आपटतं. बंदुका, गोळ्यांचे डबे, पाण्याचे कॅन, सगळं आत बांधूनच ठेवावं लागतं. सुटलेला डबा हाही त्या क्षणी शत्रूच असतो.

चाकं की पट्टे?

इथे एक रास्त शंका येते. रणगाड्याला पट्टे असतात, मग या गाड्यांना चाकं का?

पट्ट्यांमुळे वजन जास्त जागेत वाटलं जातं. म्हणून चिखल, वाळू, खोदलेली शेतं यांत पट्ट्यांची गाडी सरस ठरते. पण ती सावकाश चालते, इंधन भरमसाट पिते, डांबरी रस्ता उखडते आणि लांब न्यायची तर ट्रेलरवर चढवावी लागते. पट्टा तुटला की गाडी जागच्या जागी उभी.

चाकांची गाडी स्वतःच्या पायांनी शेकडो किलोमीटर जाते, कमी आवाज करते, आणि ट्रकची कामं येणारा मेकॅनिकही तिची बरीचशी दुरुस्ती करू शकतो. आठ चाकांच्या गाडीचं एखादं चाक गेलं तरी ती रखडत का होईना, सुरक्षित जागी पोहोचते. टायरच्या आत कडक कडं असतं, त्यामुळे हवा गेली तरी काही अंतर चालता येतं. काही गाड्यांत चालक बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमीजास्त करतो. वाळूत हवा कमी, रस्त्यावर जास्त. ज्यांना रोज गस्त घालायची, रसद पोहोचवायची, जखमींना आणायचं, त्यांना चाकंच सोयीची.

उंचीची किंमत

पण कुठलाच गुण फुकट मिळत नाही. अमेरिकेला हे इराक आणि अफगाणिस्तानात कळलं.

इराकमध्ये २००३ नंतर रस्त्याकडेला पेरलेले बॉम्ब अमेरिकी सैनिकांचे सर्वांत मोठे वैरी ठरले. त्यांची हमवी गाडी सपाट पोटाची आणि बुटकी. तिच्या दारांना चिलखत लावलं, पण पोट तसंच राहिलं. शेवटी २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी सुरुंगरोधक गाड्यांना सर्वांत आधीचं स्थान दिलं. 'एमरॅप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा सुमारे २७ हजार गाड्या काही वर्षांत तयार झाल्या. त्यांचा वंश शोधत गेलं तर तो दक्षिण आफ्रिकेच्या गाड्यांपाशीच पोहोचतो.

जीव वाचले. पण या गाड्या उंच आणि अवजड होत्या, त्यामुळे कडेला खचणाऱ्या अरुंद रस्त्यांवर आणि कालव्यांच्या काठावर त्या उलटू लागल्या. डोंगरातल्या वाटांवर मावेनात. म्हणून २००९ मध्ये अफगाणिस्तानासाठी थोडी लहान, चांगल्या सस्पेन्शनची एम-एटीव्ही आणली. आठ चाकांच्या 'स्ट्रायकर' गाडीला २०११ पासून शेजारी शेजारी दोन व्ही असलेलं पोट दिलं गेलं. एक खोल व्ही घेतला तर गाडी फार उंच होते. दोन उथळ व्ही घेतले तर उतार मिळतो आणि उंचीही आटोक्यात राहते.

आपल्याकडची गोष्ट

भारताने १९९०च्या दशकाच्या अखेरीस जम्मू-काश्मीरसाठी कॅस्पिर आणल्या. पुढे मेदकच्या आयुध निर्माणीत त्याच धर्तीवर आपली सुरुंगरोधक गाडी बनू लागली आणि ती सैन्याबरोबरच नक्षलग्रस्त भागात निमलष्करी दलांकडेही गेली.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहू या.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेडा इथे स्फोट झाला. पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक गेले. ते एका साध्या खासगी वाहनातून निघाले होते. पोलादी पोट नाही, उतार नाही, काही नाही.

१३ मार्च २०१८. छत्तीसगडमधल्या सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे नऊ जवान स्फोटात गेले. ते सुरुंगरोधक गाडीत होते.

पहिली तारीख वाचून वाटतं, प्रत्येकाला अशी गाडी द्या. दुसरी वाचून वाटतं, अशा गाडीचा उपयोग तरी काय? दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

कारखान्यात तयार झालेल्या सुरुंगाचं स्फोटक ठरलेलं असतं. पण जंगलातल्या रस्त्याखाली माणसाने हाताने पुरलेल्या आयईडीला मर्यादा नसते. कुणी पन्नास किलो पुरेल, कुणी त्याहून जास्त. दहा, पंधरा, वीस किलोंसाठी आखलेली गाडी त्यापुढे टिकेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. आणि गाडी जितकी भक्कम कराल, तितकी पुरणारा मात्रा वाढवतो. या शर्यतीत पोलाद कायम मागे राहतं, कारण पोलाद वाढवलं की गाडीचं वजन वाढतं. स्फोटक वाढवायला फक्त खड्डा मोठा खणावा लागतो.

म्हणून त्या भागात काम केलेले लोक गाडीइतकंच महत्त्व पायांना देतात. आधी रस्ता तपासणारी तुकडी पुढे जाते. ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने जायचं नाही. पुष्कळदा गाडी मागे ठेवून जंगलातून चालतच जायचं. "आपण तर सुरुंगरोधक गाडीत आहोत" या भरवशावर ही शिस्त सुटली, तर तीच गाडी घात करते. डोक्यावर हेल्मेट आहे म्हणून कुणी सिग्नल तोडावा, तसं.

पुण्या-नगरपासून मोरोक्कोपर्यंत

आज या क्षेत्रात महाराष्ट्राचं नाव वरचं आहे. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला आहे. तिने आणि टाटा समूहाने मिळून 'व्हॅप' ही आठ चाकांची गाडी बनवली. पुण्याच्या भारत फोर्जला 'कल्याणी एम-४' या गाड्यांसाठी २०२१ मध्ये सुमारे १७८ कोटी रुपयांची मागणी मिळाली. तिची मूळ रचना पुन्हा दक्षिण आफ्रिकेच्याच एका कंपनीची! एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात अशा नव्या गाड्या सैन्याच्या हवाली झाल्या. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोतल्या बेरेशीद इथे टाटांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तो व्हॅप तयार करण्यासाठी उभारला आहे. आफ्रिकेच्या मातीत रुजलेली कल्पना भारतातून फिरून पुन्हा आफ्रिकेत पोहोचली.

व्हॅप मात्र खरोखर पाण्यातही चालते. म्हणजे आमच्या छोट्या चित्रकाराला मी विचारलेला प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता! पण तिथेही हिशेब आहेच. तरंगायचं तर वजन आटोक्यात हवं. जास्तीचं चिलखत चढवलं की गाडी गोळ्यांपुढे भक्कम होते, पण नदीत बुडते. पाणी की पोलाद, हे प्रत्येक सैन्याला आपल्या भूगोलाकडे बघून ठरवावं लागतं.

गाडीबाहेरची माणसं

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आतापर्यंत आपण गाडीच्या आत बसलेल्यांचाच विचार केला. बाहेर उभ्या असलेल्यांचं काय?

१९८०च्या दशकात हीच कॅस्पिर दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत फिरत होती. निदर्शनं करणाऱ्यांवर अश्रुधूर आणि गोळ्या तिच्यातूनच सुटत. तिथल्या एका अख्ख्या पिढीला त्या उंच गाडीचा आवाज आला तरी धडकी भरायची. वर्णद्वेषी राजवट गेली. मग त्याच प्रकारच्या गाड्या अंगोला आणि मोझांबिकमध्ये पुरलेले सुरुंग काढायच्या कामी आल्या, शेतं पुन्हा नांगरता यावीत म्हणून. राल्फ झिमन या कलावंताने तर एक कॅस्पिर घेऊन ती आफ्रिकी कारागिरांच्या हातून रंगीबेरंगी काचेच्या मण्यांनी मढवून घेतली. जिच्या दर्शनाने मुलं पळायची, ती गाडी आता लोक जवळ जाऊन न्याहाळतात.

पोलाद तेच, पोट तेच, चाकं तीच. आतल्याला वाचवायचं कसं, हे अभियंता ठरवतो. ती कुणाच्या दारात उभी करायची, ते मात्र सत्ता ठरवते.

हे सगळं मी त्या मुलाला जमेल तेवढं सांगितलं. कौलांचं उदाहरण त्याला लगेच पटलं. झोळीचं ऐकून हसला. मग विचारलं, "काका, पट्टा लावला नाही तर एवढ्या मोठ्या गाडीत पण लागतं?"

"लागतं," म्हटलं. "गाडी कितीही भक्कम असो."

संध्याकाळी त्याची आई सांगत होती, बाजारात जाताना स्वारी मागच्या सीटवर बसली आणि पट्टा लावल्याशिवाय बाबांना गाडी सुरूच करू देईना. मागच्या सीटचा पट्टा गादीखाली दबलेला होता. दहा मिनिटं शोधून काढावा लागला.

तुमच्या गाडीतला कुठे आहे, तेवढं आज बघून ठेवा. पुढच्या वेळी भेटूच.